मेंढरांची वाट, माळाचे गवत

पुणे-सातारा महामार्गावरील कापूरहोळ बहुतेक पुणेकरांना ठाऊक असते ते वळणासाठी. येथून पूर्वेकडे वळले की नारायणपूर, पुरंदर किल्ला आणि सासवड. पश्चिमेकडे वळले की भोर व पुढे वरंध घाट. संभाजीराजांची दूधआई धाराऊ हिचे गाव म्हणून इतिहासप्रेमींनाही ते परिचित आहे. दिवाळी सरली, की मात्र या परिसरातील रस्त्यांवर आणखी एक वाहतूक सुरू होते. पाठीवर बिऱ्हाड लादलेली घोडी, त्यांच्या मागेपुढे शे-दोनशे मेंढ्या, कळपाच्या कडेने राखणीची कुत्री आणि सगळ्यांच्या मागे हॉर्न वाजविणाऱ्या गाड्या. पूर्वेकडील कोरडवाहू भागातील धनगर मेंढपाळ चाऱ्याच्या शोधात पश्चिमेकडे निघालेले असतात. काही जण मावळातच उन्हाळा काढतात, काही घाट उतरून कोकण गाठतात.

गाडीत खोळंबलेल्या शहरी माणसाच्या मनात अशा वेळी हमखास येणारा विचार म्हणजे, ‘यांच्याच मेंढ्यांनी डोंगर बोडके केले.’ ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे, की निसर्गसंवर्धन म्हटले की पहिले पाऊल चराईबंदीचे असते आणि दुसरे वृक्षारोपणाचे. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु गवत नेमके कशाने मरते, हा साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

झाडाचा शेंडा खुडला की त्याची वाढ काही काळ खुंटते. गवताच्या वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. वरची पाती खाल्ली गेली, तरी बुडखा शाबूत राहतो आणि जमिनीत ओल असेल तर तो पुन्हा फुटतो. उलट, वर्षानुवर्षे कोणीच न खाल्लेले गवत जागच्या जागी वाळते. त्याच्या दाटीखाली नव्या फुटव्यांना ऊन मिळत नाही आणि उन्हाळ्यात एवढ्याशा ठिणगीने डोंगर पेटतो. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांवर दर उन्हाळ्यात दिसणाऱ्या वणव्यांना हे वाळके गवतच इंधन पुरविते. गवताची मुळे खरी थकतात ती एकदा खाल्लेला फुटवा सावरण्याआधीच पुन्हा खाल्ला गेला म्हणजे. ‘पुनरुज्जीवक चराई’ या नावाने जगभर ज्या पद्धतीची चर्चा चालते, तिचे मर्म एवढेच आहे: थोडा वेळ दाट कळप आणि त्यानंतर दीर्घ विश्रांती.

आता मेंढपाळांचे वेळापत्रक पाहू. दख्खनी मेंढीला मावळातला पाऊस सोसत नाही; चिखलात तिचे खूर कुजतात, भिजलेल्या लोकरीमुळे आजार जडतात. त्यामुळे मृग लागण्यापूर्वीच कळप पूर्वेच्या कमी पावसाच्या माळांवर परततात. नेमक्या त्याच चार महिन्यांत पश्चिमेकडील डोंगरउतारांवर गवत फुटते, फुलते आणि बी टाकते. कळप पुन्हा येतात तेव्हा पुढच्या वर्षाची बेगमी जमिनीवर पडलेली असते. खुरांनी ते बी मातीत दाबले जाते, कुसळी गवताची कुसळे तर लोकरीत अडकून मैलोगणती प्रवास करतात. ही विश्रांती कोणी आराखडा आखून दिलेली नाही. पावसाने आणि मेंढीच्या प्रकृतीने ती ठरविली आहे. पूर्वेकडचे चित्र इतके सुखाचे नाही, हेही सांगितले पाहिजे. तिकडे ऐन पावसाळ्यात, कोवळ्या गवतावरच कळपांचा भार पडतो आणि गायराने आक्रसत चालल्याने तो वर्षागणिक वाढतो.

माळावर दिवसभर चरलेला कळप रात्री शेतात बसतो. ‘मेंढ्या बसविणे’ हा व्यवहार या भागातील शेतकऱ्याला नवा नाही. पीक निघालेल्या रानात वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून मेंढ्या कोंडल्या जातात. लेंडी आणि मूत्र थेट मातीत मुरते. मोबदला धान्याच्या किंवा रोख रकमेच्या रूपाने मिळतो. दुसऱ्या दिवशी वाघर हलते आणि शेजारच्या पट्ट्याला खत मिळते. एका ठिकाणची वनस्पती पचवून दुसऱ्या ठिकाणच्या जमिनीला देणारे इतके स्वस्त यंत्र अद्याप कोणत्याही कारखान्याने काढलेले नाही.

झाडांचा या व्यवस्थेतला वाटा सहसा दुर्लक्षित राहतो. उन्हाळ्यात गवत संपते, तेव्हा बांधावरच्या बाभळीच्या शेंगा, हिवराचा व बोरीचा पाला यांवर कळप तगतो. मेंढ्या-शेळ्यांच्या पोटातून गेलेले बाभळीचे बी लेंड्यांबरोबर ठिकठिकाणी पडते. बाभूळ शेंगवर्गीय असल्याने तिची मुळे मातीत नत्र धरतात. म्हणजे बांधावर झाड, रानात पीक, पीक निघाल्यावर कळप, अशी ही जुनीच कृषिवनपद्धती आहे. पश्चिमेकडे बाभळीची जागा आंबा, जांभूळ, हिरडा, उंबर घेतात. तिथल्या डोंगरमाथ्यावर पूर्वापार गवळी धनगरांचे वाडे आहेत. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी या समाजाच्या जीवनपद्धतीवरील अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. खोऱ्यातला कुणबी शेती करणार, माथ्यावरचा गवळी म्हशी राखणार आणि लोणी देऊन धान्य घेणार, अशी निसर्गाच्या वापराची वाटणीच त्यात दिसते.

मग बिघडले कोठे? एक उत्तर सरकारी शब्दकोशात सापडते. तुरळक काटेरी झाडे असलेल्या गवताळ माळाची नोंद आपल्याकडे ‘पडीक जमीन’ अशी होत आली आहे. एकेकाळी येथे घनदाट अरण्य होते, ते माणसाने आणि गुरांनी उजाड केले, असे त्यामागचे गृहीतक. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या गृहीतकाला धक्का दिला. त्यांनी जुन्या मराठी साहित्यातील आणि लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. त्यांत आढळलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी निम्म्याहून अधिक गवताळ माळावर वाढणाऱ्या निघाल्या. पश्चिम महाराष्ट्रातले माळ किमान साडेसातशे वर्षांपासून माळच आहेत, असा याचा अर्थ. जे मुळात अरण्य नव्हते, ते ‘परत’ कसे आणणार?

तरीही अशा माळांवर खड्डे खणून गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली गेली. त्यांच्या सावलीत स्थानिक गवत तगत नाही. गवत गेले की चिंकारा, चंडोल आणि लांडगा यांचा आसराही जातो. बांधावर, ओढ्याकाठी लावलेले झाड आणि उघड्या माळावर रेटलेले झाड यांत फरक केलाच पाहिजे. लांडग्याचा उल्लेख मुद्दाम केला. दख्खनच्या माळावर तो बऱ्याच अंशी मेंढ्या-शेळ्यांवरच जगतो. त्यामुळे मेंढपाळ गेला तर लांडग्याचे काय, हा प्रश्न वन्यजीव अभ्यासकांनाही टाळता येत नाही. फिरस्त्या मेंढपाळाला नुकसानभरपाईसाठी पंचनामा होईपर्यंत मुक्काम लांबविणे परवडत नाही, ही अडचण वेगळीच.

अर्थात उत्साहाच्या भरात दुसरे टोक गाठू नये. झिंबाब्वेचे ॲलन सेव्हरी यांनी नियोजित चराईने वाळवंटीकरण उलटविता येईल, असा दावा २०१३ मधील एका गाजलेल्या व्याख्यानात केला. अनेक शास्त्रज्ञांना तो मान्य नाही. आपल्याकडे हिवरे बाजारने चराईबंदी करून, गवत कापून नेण्याची मुभा ठेवून डोंगर हिरवा केला, हेही तितकेच खरे. फार थकलेल्या जमिनीला बंदीची गरज असते. परंतु काही वर्षांची विश्रांती आणि कायमची हकालपट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही तक्रार जुनी आहे. वनखात्याने गोरगरिबांची चराऊ राने गिळल्याचे गाऱ्हाणे जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात मांडले होते. त्यांचे खानवडी गाव कापूरहोळहून दूर नाही. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी आलेल्या २००६ च्या वनहक्क कायद्याने स्थायिक आणि फिरत्या, दोन्ही प्रकारच्या चराईचा हक्क मान्य केला. मात्र अनुसूचित जमातींत नसलेल्या समाजाला तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. वर्षातील आठ महिने चालत असणाऱ्या माणसाने वास्तव्याचा पुरावा कोठून आणायचा? संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे चराऊ राने आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, त्याची वार्ता वाघरीपर्यंत किती पोचली असेल, कोण जाणे.

कापूरहोळच्या आसपास वाट अडविणाऱ्या गोष्टी कायद्याहून अधिक ठळक आहेत. महामार्ग रुंदावला, गाड्यांचा वेग वाढला. कळप पलीकडे नेण्यासाठी भुयारी मार्ग शोधावा लागतो. शेतजमिनींचे फार्महाऊससाठी तुकडे पडले आणि त्यांना तारेची कुंपणे आली. ज्या रानात पूर्वी मेंढ्या बसविल्या जात, तिथे आता हिरवळ लावलेली असते आणि तिच्यासाठी लेंडीखताची पोती पुण्याहून विकत आणली जातात.