सुई बारीक, घाई मोठी

या आठवड्यात नायट्रस ऑक्साइडवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलावं लागतंय, कारण एका आजीबाईंचं पत्र आलंय. नातू 6 वर्षांचा, खालची दुधाची दाढ किडलेली. डॉक्टरांना सांगून सगळ्यात बारीक सुई आणवली, गेल्या भागात लिहिलेलं, हिरडी बधिर करणारं जेलही लावलं, तरी पोरगं किंचाळलंच. मग बारीक सुईचा उपयोग काय, असं त्या विचारतात. प्रश्न इतका मुद्द्याचा आहे की त्याला अख्खा लेख द्यायला हवा.

गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. 27 गेजची सुई साधारण 0.4 मिलिमीटर जाड, 30 गेजची 0.3. या सुयांची तुलना मोठ्या माणसांवर करून पाहिली, तेव्हा टोचण्यात त्यांना फारसा फरक जाणवला नाही. उलट फार बारीक सुई आत गेल्यावर वाकते, म्हणून खोलवर इंजेक्शन द्यायचं असेल तर जाणकार दंतवैद्य ती टाळतात. सुई नवी आणि धारदार असणं जास्त महत्त्वाचं.

मग दुखतं ते काय? बऱ्याचदा दुखतं ते सुईतून आत शिरणारं औषध. हिरडीखाली मोकळी जागा थोडी असते. तिथे औषध जोरात ढकललं की आतलं मांस ताणलं जातं आणि कळ येते. म्हणून 1 मिलिलिटर औषधाला 1 मिनिट हा आदर्श वेग मानतात. आपल्याकडच्या पुष्कळ दवाखान्यांत 30 मिलिलिटरच्या बाटलीतून 2 मिलिलिटरच्या साध्या सिरिंजमध्ये औषध भरलं जातं. अंगठा जरा जोरात दाबला की तेवढं औषध काही सेकंदांत आत जातं.

आणि घाई होते ती बहुधा मायेपोटीच. मूल वळवळतंय, आईच्या डोळ्यांत पाणी, बाहेर रांग. अशा वेळी 'पटकन आटपू या, पोराची सुटका होईल' असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ते पटकनच तर दुखतं.

टाळूचं उदाहरण बघा. वरची दाढ काढायची तर टाळूच्या बाजूनेही औषध द्यावं लागतं, आणि तिथलं आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं. सरळ टोचलं तर मोठा माणूसही खुर्चीचे हात आवळतो. बालदंतवैद्य आधी गालाच्या बाजूने औषध देतात, तिथे बधिर झालं की दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकात सुई नेतात आणि थेंबथेंब सोडतात. पलीकडे टाळूची कड हळूहळू पांढुरकी होत जाते. औषध तिथवर पोचल्याची ती खूण. मग त्या पांढऱ्या भागात सुई गेली तरी मूल बहुतेक वेळा बोलायचं थांबत नाही.

हा संथपणा यंत्राच्या हाती सोपवणारं 'वाँड' हे उपकरण 1997 साली अमेरिकेत बाजारात आलं. पेनासारखी नळी, तिच्या टोकाला सुई, औषधाचा वेग संगणकाच्या ताब्यात. त्यात मुलाला सिरिंज दिसतच नाही, हा आणखी एक फायदा. पण ते यंत्र नसलं म्हणून अडत नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटाही पुरतो.

औषध आत जाताना होणाऱ्या जळजळीचं कारण वेगळं. औषधात मिसळलेलं अ‍ॅड्रेनालिन टिकावं म्हणून द्रावण आम्लधर्मी ठेवलेलं असतं. काही दंतवैद्य ऐन वेळी त्यात सोडिअम बायकार्बोनेट मोजून मिसळतात, त्याने चुरचुर कमी होते. ओठ चिमटीत धरून हलवत राहणं ही युक्ती तर बिनखर्चाची. स्पर्शाची जाणीव वेदनेची वाट अडवते, हा रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांचा 1965 सालचा सिद्धान्त तिच्यामागे आहे.

आता जेल. आजीबाईंनी ते लावल्याचं लिहिलंय, किती वेळ थांबले ते लिहिलेलं नाही. हिरडी कापसाने कोरडी करून, जेल लावून 1-2 मिनिटं थांबावं लागतं. लाळेवर लावून लगेच टोचलं तर नुसती स्ट्रॉबेरीची चव मिळते. शिवाय जेल वरचे 2-3 मिलिमीटरच बधिर करतं. खालच्या दाढेसाठी नस बधिर करायची तर सुई सेंटिमीटरहून अधिक आत जाते. तिथे पुन्हा कामाला येतो तो संथ अंगठा, म्हणजे दोन थेंब सोडायचे, थांबायचं, मग पुढे सरकायचं.

आजीबाईंनी घरी गेल्यावरही लक्ष ठेवावं. खालचा ओठ 2-3 तास बधिर राहतो आणि मुलं तो गंमत म्हणून चावत बसतात. दुसऱ्या दिवशी ओठ सुजून पांढरट दिसला की घरचे पू झाला समजून घाबरतात, पण ती असते चावल्याची जखम. बधिरपणा उतरेपर्यंत चावून खायचं काही देऊ नये.

नायट्रस ऑक्साइड पुढच्या आठवड्यात.