अचानक बहिरेपण: दोष हवेचा की उशिराचा?

हवा बदलली की कान बसतो, हे आपण कायम ऐकतो. पण एका कानाचं ऐकणं 72 तासांच्या आत एकदम खालावणं हा आजार वेगळा. बिघाड आतल्या कानात किंवा नसेत असतो. हवेचा दाब, तापमान, वारा यांच्याशी त्याचा संबंध अनेक देशांत तपासला गेला. कुठे पुसटसा दुवा दिसला, कुठे काहीच नाही. माझ्या मते हवामानाचा खरा फटका बसतो तो उपचाराला. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली घ्या. सरदार सरोवराच्या फुगवट्याने वेढलेल्या या नर्मदाकाठच्या गावातून ऐन पावसाळ्यात कानाच्या डॉक्टरपर्यंत पोचणं अवघड, ‘सर्दीने कान बसला’ म्हणून थांबणं सोपं. आणि या आजारावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचा उपयोग मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत!

कुणी म्हणेल, सर्दीनेही कान दडतोच, मग प्रत्येकाने धावायचं का? तोंड मिटून ‘हंऽऽ’ असा सूर धरा. दडलेल्या कानात तो मोठा वाटला तर मळ किंवा सर्दीची शक्यता जास्त. चांगल्या कानात मोठा वाटला तर नसेची शंका घ्या आणि त्याच दिवशी निघा. निदान मात्र ऑडिओमेट्रीनेच, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीनेच होतं, त्यामुळे सूर नेमका कुठे वाटतो हे कळत नसेल तरीही कान दाखवाच.