जुने वॉशिंग मशीन भंगारात देण्यापूर्वी

घरातील वस्तू बंद पडली की ती दुरुस्त करून वापरायची, हा आपल्याकडील जुना रिवाज. शिलाई मशीन, पंखा, सायकल, मिक्सर यांच्या बाबतीत तो अजून बराचसा टिकून आहे. परंतु दोन टबांचे वॉशिंग मशीन बंद पडले की घरातील माणसे लगेच हात टेकतात. मेकॅनिक येतो, बटण फिरवतो, नुसता गुरगुरण्याचा आवाज ऐकतो आणि सांगतो, "मोटर जळाली. आता यात पैसे घालण्यात अर्थ नाही." दुसऱ्या दिवशी भंगारवाला ते काट्यावर चढवतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की असा निकाल देण्यापूर्वी यंत्र उघडून पाहावे. "मोटर जळाली" म्हणून टाकून दिलेल्या पुष्कळ यंत्रांत मोटर शाबूत असते, आणि जिथे ती खरोखर जळालेली असते तिथेही ती का जळाली हे शोधल्याविना नवी बसवण्यात हशील नाही.

ही यंत्रे आली कुठून?

टबाच्या तळाशी किंवा बाजूला फिरणारी चकती बसवून पाण्याला भोवरा द्यायचा, ही कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये वेल्सच्या मर्थर टिडफिल गावी हूवर कंपनीने १९४८ साली कारखाना काढला आणि अशी यंत्रे घरोघरी पोहोचवली. जपानच्या सान्यो कंपनीने १९५३ मध्ये हीच पद्धत आपल्या देशात आणली. पुढे धुण्याचा आणि पिळण्याचा असे दोन टब शेजारी शेजारी आले. भारतात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हीच रचना रुजली.

मर्थर टिडफिल येथील उत्पादन २००९ मध्ये थांबले. आपल्याकडे ज्या व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) चितेगावला होता, त्या कंपनीचे दिवाळखोरीचे प्रकरण जून २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दाखल करून घेतले गेले. कंपन्या गेल्या, पण यंत्राची रचना फारशी बदलली नाही. म्हणूनच पट्टा, कपॅसिटर, ऑइल सील, टायमर हे भाग कंपनीच्या नावाने न मिळाले तरी मापाने मिळतात. जुना भाग हातात घेऊन दुकानात जावे, नाव सांगत बसू नये.

आधी जिवाची काळजी

पाणी आणि वीज एकत्र असलेले हे यंत्र आहे. मागचे झाकण उघडण्यापूर्वी पिन सॉकेटमधून बाहेर काढावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (जुने कारागीर त्याला कंडेन्सर म्हणतात) वीज साठून राहू शकते. पेचकसाने दोन टोके जोडून ठिणगी उडवण्याची सवय काहींना आहे, ती सोडावी. होल्डरला दोन तारा जोडलेला साधा पिवळा बल्ब टोकांना लावला की साठलेली वीज सावकाश उतरते.

यंत्र दुरुस्त होऊन जागेवर जाईल तेव्हा तीन पिनी सॉकेट आणि चालू अर्थिंग असलेच पाहिजे. जुन्या चाळींत आणि वाड्यांत अर्थिंगची तार कित्येकदा नुसती लोंबत असते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला तर उत्तम.

मोटर खरेच जळाली आहे काय?

अलीकडे आमच्या हाती १९९० च्या दशकातील असेच एक यंत्र आले. धुण्याची बाजू गुरगुरायची पण चकती फिरत नसे, आणि टबात पाणी ठरत नसे. आधीच्या मेकॅनिकने दोन्ही मोटरी बदलण्याचा हिशोब दिला होता. आम्ही दोन सुट्ट्यांच्या दिवसांत ते घरीच उघडले. तपासणीचा जो क्रम ठेवला, तो येथे देतो.

प्रथम पट्टा काढला आणि चकती हाताने फिरवून पाहिली. ती जागची हलेना. म्हणजे दोष मोटरच्या पुढे, शाफ्टमध्ये होता. नंतर मोटरची पुली बोटाने फिरवली, ती मोकळी फिरली. मग पट्टा नसताना मोटरला वीज दिली. ती गुरगुरली, पण स्वतःहून सुटली नाही. वीज बंद करून कपॅसिटर तपासला. त्यावर १० मायक्रोफॅरड छापले होते, मल्टीमीटरवर ३ देखील दिसेनात. नवा कपॅसिटर लावताच मोटर दोन्ही दिशांना फिरली. जी मोटर "जळाली" होती, तिला काहीही झालेले नव्हते.

धुण्याच्या मोटरची वाइंडिंग तपासणे सोपे आहे. तिला तीन तारा असतात: एक सामाईक आणि दोन टोके. ही मोटर उलटसुलट फिरणारी असल्याने दोन्ही वाइंडिंग सारख्या असतात. सामाईक तारेपासून दोन्ही टोकांचा ओहम जवळजवळ सारखा आला पाहिजे आणि टोक ते टोक त्याच्या दुप्पट. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर वाइंडिंग बिघडली समजावे. मोटर एकाच दिशेला फिरत असेल, तर टायमरचे पॉइंट काळे पडले आहेत का किंवा तार तुटली आहे का, ते आधी पाहावे.

ड्रायरची मोटर एकाच दिशेने फिरते. तिच्या दोन वाइंडिंग सारख्या नसतात, म्हणून तेथे ओहम वेगवेगळे आले तर घाबरू नये. सामाईक तारेपासूनच्या दोन आकड्यांची बेरीज टोक ते टोक येते, एवढे पाहावे.

याखेरीज ५०० व्होल्टच्या मेगरने तार आणि मोटरची बॉडी यांमधील इन्सुलेशन मोजावे. एक मेगोहमपेक्षा कमी आले तर ती मोटर तशीच जोडू नये. पुष्कळदा तो केवळ ओलावा असतो. मोटर काढून दोन दिवस उन्हात ठेवावी आणि पुन्हा मोजावे.

कपॅसिटर बदलताना आकडा तोच घ्यावा आणि व्होल्टेज मूळ भागापेक्षा कमी घेऊ नये. बहुधा ४४० व्होल्टचा असतो. मोठा आकडा लावला की मोटरची ताकद वाढते, असा समज बाजारात आहे. तसे केल्याने वाइंडिंग तापते आणि चांगली मोटर अकाली जाते.

गळती आणि गंज

शाफ्ट का धरला होता? चकतीखालचे ऑइल सील झिजले होते. पाणी त्यातून थेंब थेंब बुशमध्ये उतरले, शाफ्ट गंजला आणि अडकला. अडकलेल्या शाफ्टवर मोटर जोर लावत राहिली असती, तर ती खरोखरच जळाली असती. केवळ मोटर बदलून देणाऱ्याने सहा महिन्यांत दुसरी मोटर बदलली असती.

चकती काढताना मधला स्क्रू काढावा, शाफ्टवर थोडे रॉकेल सोडून रात्रभर ठेवावे. पेचकस घालून उचकटू नये, प्लास्टिकच्या टबाला तडा जातो. चकतीच्या कडेखालून दोन बाजूंनी मजबूत दोरी सरकवून सरळ वर ओढावी. शाफ्टवर सील बसते त्या जागी खड्डे पडले असतील, तर नुसते नवे सील टिकणार नाही. शाफ्ट आणि बुश यांचा पूर्ण संच बदलावा. सीलच्या ओठाला ग्रीस लावूनच बसवावे.

पाणी कुठून जाते हे ओळखण्यासाठी टब भरून अर्धा तास ठेवावा आणि खाली जुने वर्तमानपत्र पसरावे. टबाच्या मध्याखाली कागद भिजला तर सील गळते. सांडपाण्याच्या नळीतून पाणी येत असेल तर दोष ड्रेन व्हॉल्व्हचा. आमच्या यंत्रात व्हॉल्व्हच्या रबराखाली सुताचा गोळा आणि केसांची एक पिन अडकली होती. ती काढून रबर पुसताच पाणी ठरले. या कामाला एक पैसाही लागला नाही.

ड्रायरची बाजू

ड्रायरची मोटर टबाच्या थेट खाली असते. शाफ्टभोवती रबराची घडीदार पिशवी असते, तिला बेलो म्हणतात. ती फाटली की साबणाचे पाणी सरळ मोटरवर पडते. म्हणून ड्रायरची मोटर जळाली असेल तर बेलो पाहिल्याशिवाय नवी मोटर बसवू नये. ड्रायर फार हादरत असेल तर कपडे सारखे पसरून पाहावे, मग कपलिंगचे स्क्रू आणि मोटरखालचे रबर किंवा स्प्रिंग तपासावे.

ब्रेक ही या यंत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. झाकण उचलताच वीज तुटली पाहिजे आणि टब काही सेकंदांत थांबला पाहिजे. थांबत नसेल तर ब्रेक वायर ताणावी किंवा लायनर बदलावे. झाकणाचा स्विच बिघडला की काही कारागीर तो काढून तारा "डायरेक्ट" करून देतात. गिऱ्हाईक खूश होते, पण झाकण उघडे असताना फिरणाऱ्या टबात एखाद्या लहान मुलाचा हात गेला तर काय होईल, याचा विचार करावा. असे काम कितीही आग्रह झाला तरी करू नये.

स्वच्छता

टबावर क्षारांचा थर असेल तर कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड टाकून एक फेरी चालवावी आणि तासभर ठेवून पाणी सोडावे. त्यात ब्लीचिंग पावडर मात्र कदापि मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो. पत्र्याचा गंज तारेच्या ब्रशने घासून आधी रेड ऑक्साइड आणि मग रंग द्यावा. यंत्राच्या खालून उंदीर शिरून तारा कुरतडतात. तेथे जाळी बसवावी. फळी किंवा पुठ्ठा लावू नये, मोटरला हवा लागते.

खर्चाचा हिशोब

काम सुरू करण्यापूर्वी कागदावर हिशोब मांडावा. सुट्या भागांचा आणि मजुरीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत बसत असेल तर दुरुस्ती करावी, असा आमचा ठोकताळा आहे. टबाला मोठा तडा गेला असेल किंवा तळाचा सांगाडाच सडला असेल, तर मोह आवरावा.

मोटर रिवायंड करायची असल्यास तांब्याची तार घालून घ्यावी. स्वस्त बाजारी मोटरींत पुष्कळदा ॲल्युमिनियमची तार असते, म्हणून जुनी तांब्याची मोटर सहसा फेकू नये. रिवायंडिंगवाल्याने वेढे, तारेचा गेज आणि निघालेल्या तारेचे वजन लिहून ठेवावे आणि व्हार्निश नीट भाजावे.

यंत्र भंगारातच द्यायचे ठरले, तरी तांब्यासाठी तारा जाळू नयेत. त्यांवरील पीव्हीसीचा धूर विषारी असतो आणि तो आधी आपल्याच मोहल्ल्यात पसरतो. तारा हाताने सोलाव्यात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वॉशिंग मशीनचा समावेश आहे, हे भंगाराच्या व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावे आणि माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावा.

धंद्याची बाजू

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याविषयीचे पोर्टल सुरू केले. घरगुती उपकरणांचा विषयही त्यात आहे. कंपन्यांनी माहिती आणि सुटे भाग द्यावेत, ही मागणी रास्तच आहे. पण कागदावर हक्क मिळाला तरी यंत्र उघडणारा हात विश्वासाचा हवा.

गिऱ्हाईकाचे यंत्र ही कारागिराकडील अमानत असते. आधी तपासणी करावी, तिचे वेगळे माफक पैसे उघडपणे सांगावेत, दोष गिऱ्हाईकाला डोळ्यांनी दाखवावा, काढलेला जुना भाग परत द्यावा आणि बिलावर हमीचे दिवस लिहावेत. कपॅसिटरच्या कामाला मोटरचे पैसे घेणारा एकदाच कमावतो. दोष नेमका सांगणाऱ्याकडे तेच घर पंखा, मिक्सर आणि शिलाई मशीन घेऊन पुन्हा येते. भाग बदलणे कोणालाही जमते, मजुरी पारखीची मिळते.

काम झाल्यावर मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्यावर तारीख, बदललेले भाग, कपॅसिटरचा आकडा आणि पट्ट्याचे माप लिहावे. पुढच्या वेळी ते झाकण उघडणाऱ्याचा अर्धा दिवस वाचेल.