जुना वस्तरा : उजळावा कीं तसाच ठेवावा ?

आजोबांच्या पेटींत सांपडलेला वस्तरा बहुधा दोन प्रकारच्या माणसांच्या हातीं पडतो. एक त्याला भंगार समजतो. दुसरा कांचकागद घेऊन त्याच संध्याकाळीं तो घासावयास बसतो. नुकसान दुसऱ्याच्या हातून अधिक होतें. टाकून दिलेला वस्तरा जुन्या बाजारांतून कदाचित् परत मिळेल. घासून काढलेलें पोलाद मात्र पुन्हां पात्यावर चढवितां येत नाहीं. म्हणून कांचकागद हातीं घेण्यापूर्वीं निर्णय कसा करावा, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम पातें उघडून त्याच्या बुडाशीं असलेली छाप वाचावी. जुन्या वस्तऱ्यांवर इंग्लंडांतील शेफील्ड किंवा जर्मनींतील सोलिंगेन हें नांव पुष्कळदां आढळतें. शेफील्डला बेंजामिन हंट्समन नांवाच्या घड्याळजीनें १७४० च्या सुमारास मुशींत वितळविलेलें एकजीव पोलाद तयार केलें, आणि उत्तम पात्यांची वाट मोकळी झाली. मुकुटाबरोबर 'व्ही. आर्.' हीं अक्षरें असल्यास तीं व्हिक्टोरिया राणीच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ ह्या काळाकडे बोट दाखवितात. देशाचें नांव कोरलेलें असल्यास वस्तरा बहुधा १८९० नंतरचा असतो. कारण त्या वर्षींच्या अमेरिकेच्या जकात कायद्यानें आयात मालावर मूळ देशाचें नांव घालणें सक्तीचें केलें. परंतु छाप कितीहि मानाची असली, तरी पात्याची आजची प्रकृति ती सांगत नाहीं.

ती धारेवरून कळते. भिंग घेऊन धारेची कड टोकापासून बुडापर्यंत पाहावी. कडेपासून आंत गेलेली केसाएवढी जरी भेग दिसली, तरी तो वस्तरा गालाला लावूं नये. दाढी करतांना तुकडा उडण्याचें भय असतें. लहानसा टवका मात्र सहाणेवर उतरवितां येतो, पण पात्याची रुंदी तेवढी कमी होते.

मग गंज पाहावा. काळसर डाग पोलादाच्या वयाचे असतात. ते राहूं द्यावे. तांबडा, भुसभुशीत गंज मात्र पातें खात जातो. तो तेल लावून हलक्या हातानें काढावा. पात्याच्या अंगावर राहिलेले खड्डे दाढीला अडथळा करीत नाहींत. तेच खड्डे धारेशीं असले, तर सहाणेवर लावतांच धार झडूं लागते. वस्तरा दिसतो कसा ह्याला येथें महत्त्व नाहीं. कडेची ती एक बारीक रेघच निर्णय देते.

पाठीकडेहि लक्ष द्यावें. धार लावतांना वस्तरा सहाणेवर आडवा ठेवतात. धार आणि पाठ दोन्ही दगडाला टेकतात, आणि पाठीच्या जाडीमुळेंच धारेचा कोन सुमारें १६-१७ अंश राहतो. वर्षानुवर्षांच्या घासण्यानें पाठ एका बाजूला फार झिजली असेल, तर कोन बिघडतो व धार सारखी लागत नाहीं. केवळ चकाकीसाठीं पाठ घासणें त्याच कारणानें घातक होय.

चकाकीसाठींच फिरत्या चाकावर पातें धरण्याचा मोह होतो. वस्तऱ्याचें पोलाद सुमारें २०० अंश सेंटिग्रेडपलीकडे तापलें, कीं त्याचें पाणी उतरूं लागतें; आणि पातळ कडेला एवढी उष्णता क्षणांत चढते. कडेवर निळी झांक दिसली म्हणजे उशीर झाला असें समजावें. झांक पुसून टाकतां येते, पण मऊ झालेली धार टिकत नाहीं.

मूठ कशाची आहे, हेंहि ठरवावें. शिंगाची किंवा हस्तिदंताची मूठ ऊन पाण्यांत भिजवूं नये. सेल्युलॉइडची मूठ जुनी झाली म्हणजे कुजून आम्लधर्मी वायु सोडते, आणि मिटलेलें पातें मुठीच्या आंत असतें नेमकें तेथेंच गंजतें. अशी मूठ बदलल्यावांचून पातें साफ करण्यांत अर्थ नाहीं. ती ज्योतीजवळहि नेऊं नये, कारण ती भडकन् पेटते.

इतकें पाहिल्यावर तीन मार्ग उरतात. धार निर्दोष, पाठ सारखी आणि पोलाद कडक असेल, तर वस्तरा कामाला लावावा. सहाणेचें काम जाणत्या कारागिराकडून करवावें, आणि पातें जंतुनाशकानें स्वच्छ केल्यावांचून गालाला लावूं नये. तें पूर्वीं कोणाच्या रक्ताला लागलें असेल, हें सांगतां येत नाहीं. पुढें दर दाढीपूर्वीं चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावें व नंतर कोरडें पुसून ठेवावें. धार गेलेली, पण छाप, कोरीव मूठ किंवा घराण्याची आठवण मोलाची असेल, तर फक्त तांबडा गंज काढून तेलाचें बोट फिरवावें आणि वस्तरा जपून ठेवावा. धारहि नाहीं आणि आठवणहि नाहीं, असा वस्तरा हात बसविण्यासाठीं घ्यावा; तेथें चुकलें तरी कांहीं जात नाहीं.

आणि ह्या तिहींपैकीं कोणता मार्ग धरावा ह्याचा निश्चय होत नसेल, तर तेल लावून वस्तरा कोरड्या जागीं ठेवून द्यावा. आज न घासलेलें पातें उद्यां घासतां येईल.