सर्पगंधेची परीक्षा

कामगार चळवळीतल्या माणसाने औषधी मुळ्यांविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. परंतु या विषयाकडे आम्हांस पुस्तकाने नव्हे, एका चौकशीने ओढले. आमच्या संघटनेतला एक साथी रात्रपाळीनंतर दिवसा झोप लागत नाही म्हणून नसा शांत करणारी एक पुडी घेत असे. एके रात्री यंत्रावर त्याला झापड आली आणि दोन बोटे गेली. व्यवस्थापन म्हणाले, हलगर्जीपणा. आम्ही म्हणालो, पुडी. पण पुडीत काय होते, किती होते, त्याने झापड येते की नाही, हे कोणालाच सांगता येईना. वेष्टनावर एवढेच छापले होते : ‘संपूर्ण वनस्पतिजन्य’.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत खोटी. आणि झाडपाला म्हणजे निरुपयोगी, हीही तितकीच खोटी. दोन्हींचे उत्तर सर्पगंधेच्या इतिहासात आहे. बिहारात या मुळीला ‘पागल की दवा’ म्हणत. 1931 मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब यांवरील तिचा उपयोग लेखाद्वारे मांडला. त्याच सुमारास दिल्लीत सिद्दिकी यांनी मुळीतून अजमलीनसारखी स्फटिकरूप द्रव्ये वेगळी केली. पण गंमत अशी की, मुळीने येणारी गुंगी या स्फटिकांनी येईना. ती येई मागे उरलेल्या राळेसारख्या चिकट भागाने. त्या भागाचा पाठपुरावा होत होत 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीच्या संशोधकांनी त्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे केले.

ही परीक्षा चालते कशी? प्रथम मुळी नक्की कोणत्या झाडाची, हे ठरवतात. कारण बाजारात एकीच्या नावावर दुसरी खपते. मग ती वाळवून, कुटून मद्यार्कात अर्क काढतात. तो निरनिराळ्या मात्रांत उंदरांच्या गटांना देतात. एका गटाला अर्काविना नुसता द्रव देतात, आणखी एकाला ज्याचा गुण आधीच माहीत आहे असे औषध. फिरत्या दांडीवर उंदीर किती वेळ तोल सांभाळतो, झोपेचे औषध दिल्यावर नेहमीपेक्षा किती अधिक झोपतो, हे मोजतात. कोणत्या गटाला काय दिले, हे मोजणाऱ्याला ठाऊक नसावे, हा दंडक. नाहीतर डोळे आपल्या आवडीचेच पाहतात. तरीही घाई उपयोगी नाही. दांडीवरून पडलेला उंदीर शांत झाला असेल, त्याचे स्नायू ढिले पडले असतील, किंवा त्याला विषबाधाही झाली असेल. म्हणून एका कसोटीवर निकाल देत नाहीत.

आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबाच्या 50 रोग्यांवरील सर्पगंधेचा अनुभव एका ब्रिटिश नियतकालिकात मोजमापांसह प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष या मुळीकडे गेले.

मग कळले ते अधिक गंभीर होते. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सेरोटोनिन, डोपामीन यांसारखी द्रव्ये सूक्ष्म कोठारांत साठवतात. रेसर्पीन ही साठवणच अडवते. कोठारे रिकामी होतात. स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी 1957 मध्ये दाखवले की, रेसर्पीनने निश्चल पडलेले ससे लेव्होडोपा दिल्यावर पुन्हा हिंडू लागतात. याच वाटेने पुढे कंपवातावर उपचार सापडला आणि 2000 साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणजे जी शक्ती रक्तदाब उतरवते, तीच माणसाला जड, सुस्त करते. काही रोग्यांना खोल खिन्नता आल्याच्याही नोंदी झाल्या. त्याला हेच औषध कारण का, यावर पुढे वाद झाला. आज अधिक सोयीची औषधे आल्याने रेसर्पीन मागे पडले आहे.

वैदूच्या अनुभवाला आम्ही हसत नाही. कुठे शोधावे, हे त्यानेच दाखवले. पण किती द्यावे, कोणाला देऊ नये, किती दिवसांनी काय होते, हे मोजल्यावाचून कळत नाही. वाटाघाटींत आम्ही मालकाचा ताळेबंद मागतो, तसाच पुडी विकणाऱ्याकडेही हिशेब मागावा : कोणती वनस्पती, कोणता भाग, किती मात्रा, कशाशी तुलना केली, किती माणसांवर पाहिले? आणि रक्तदाबाचे वा झोपेचे औषध चालू असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय त्यात कोणतीही पुडी मिसळू नये.

आमच्या साथीला पुढे हलके काम मिळाले, भरपाई मात्र अपुरीच. चौकशीच्या कागदावर आजही ‘हलगर्जीपणा’ असेच लिहिलेले आहे. पुडीची परीक्षा कोणी केलीच नव्हती. म्हणून सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी आला.