घोडेस्वाराची जुनी कराबीन

नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर १८५४ पर्यंत होता. त्या काळापासून रायपुरात नांदत असलेल्या एखाद्या मराठी घराण्याच्या माळ्यावर घोडेस्वाराची आखूड बंदूक, म्हणजे कराबीन, निघणे अशक्य नाही. खंडेनवमीला ती खाली उतरते, विटकरीच्या पुडीने घासली जाते आणि पूजेला लागते. मला बोलावयाचे आहे ते या घासण्याविषयी. परंतु आधी अशा शस्त्राची पारख कशी करावी, ते पाहू.

पहिला प्रश्न, आत बार आहे काय? ठासणीच्या बंदुकीतील शंभर वर्षांची दारूही पेट घेऊ शकते. नळीचे तोंड कोणाच्याही रोखाने न धरता लाकडी काठी आत तळापर्यंत सोडावी, तोंडाशी खूण करावी आणि तीच काठी नळीवर बाहेरून धरून पाहावी. टोक बत्तीच्या छिद्राच्या दोन-चार बोटे अलीकडेच राहिले, तर आत काहीतरी आहे. ते उकरण्याचे धाडस घरी करू नये.

मग ती खरोखर स्वाराची काय, हे पाहावे. ब्रिटिश घोडदळाच्या पॅजेट कराबिनीची नळी अवघी १६ इंचांची. कंपनीच्या पायदळी बंदुकीची ३९. पायदळाची बंदूक कापून ‘कराबीन’ म्हणून खपविणारे काही थोडे नाहीत! खरी खूण डाव्या अंगाच्या लोखंडी दांडीची आणि तीवर सरकणाऱ्या कडीची. स्वाराच्या खांद्यावरील पट्ट्याला ही कडी अडकविलेली असे. घोड्याच्या चालीबरोबर ती वर्षानुवर्षे घासत राही. म्हणून दांडी झिजलेली आणि जवळचे लाकूड खरचटलेले असेल, तर तो दोष मानू नये. ती चाकरीची साक्ष होय. चापाच्या पत्र्यावर बुजविलेली भोके दिसली, तर चकमकीची बंदूक पुढे टोपीची केली असावी. १८४० च्या सुमारास असे बदल सर्रास झाले.

आता गंज. घट्ट बसलेला काळसर तपकिरी थर शस्त्राला फारसे अपाय करीत नाही. बोटाला लागणारा तांबडा भुगा मात्र पसरतो. त्यावर तेलाचा थेंब आणि मऊ चिंधी पुरे. विटकर नको, काचकागद तर नकोच. कारण कंपनीची मुद्रा, १८०८ पूर्वीची हृदयाकृती किंवा नंतरचा सिंह, पत्र्यावर केसभर खोलीचीच असते. दर खंडेनवमीस ती थोडी थोडी झिजते, आणि एकदा गेली की बंदूक कोणाच्या शस्त्रागारातून आली हे सांगणारा दुसरा साक्षीदार बहुधा उरत नाही.

रायपुरात १८७५ साली स्थापन झालेले महंत घासीदास संग्रहालय आहे. पुढील नवमीपूर्वी आपली कराबीन तेथील जाणकारांच्या नजरेखालून घालावी; पूजेला ती काळवंडलेलीही चालते.