हवेची पेटी : झाकण उघडे ठेवूनच चालवा

हल्ली बऱ्याच दुचाकींना ट्यूबलेस टायर असतात. चाक न उतरवता भोकात रबराची पट्टी भरली की पुढे फक्त हवा लागते. म्हणून हत्यारांच्या पेटीतच १२ व्होल्टचा लहान कॉम्प्रेसर बसवून गिऱ्हाइकाच्या दारी जाण्याचा धंदा थोड्या भांडवलात करता येतो. आमच्या कापडबाजारात दलाल आणि वसुलीची माणसे दुचाकीवरच फिरतात, त्यामुळे असा कारागीर आम्हा सर्वांच्या उपयोगाचा. पण आमच्या ओळखीच्या एका होतकरू तरुणाचा कॉम्प्रेसर महिन्याभरात जळाला. झाकण लावूनच तो चालवत असे.

हवा दाबली की तापते. त्यात मोटरची उष्णता मिळते. बंद पेटीत ती कोंडते आणि मोटरचे वाइंडिंग जळते. पेटीला दोन्ही बाजूंनी भोके पाडून जाळी जरूर लावावी, पण कॉम्प्रेसर झाकण उघडूनच चालवावा. यंत्राभोवती चारी बाजूंनी दोन बोटे जागा सोडावी. दहा मिनिटे चालवल्यावर तेवढाच वेळ विश्रांती द्यावी. पितळी तोंड तापलेले असते, त्याला लगेच हात लावू नये.

बसवताना खाली जाड रबराच्या चकत्या घालाव्यात. त्याने हादरा कमी होतो आणि नट ढिले पडत नाहीत. पान्हे, पक्कड वेगळ्या कप्प्यात ठेवावेत. सैल हत्यार बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकले, तर ठिणगी उडते.

विजेचा हिशेब सोपा आहे. १२० वॅटचे यंत्र १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढते. म्हणून वायर जाड घ्यावी आणि बॅटरीच्या धन टोकाजवळच १५ अँपिअरचा फ्यूज घालावा. ७ अँपिअर-तासाची बॅटरी अशा ओढीने साधारण अर्ध्या तासात उतरते, हे ध्यानात ठेवून रोज रात्री चार्ज करावी. चार्जिंगच्या वेळीही झाकण उघडे असावे, कारण तेव्हा बॅटरीतून पेट घेणारा वायू निघू शकतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पंक्चरचे सोल्युशन या पेटीत ठेवू नये. त्याची वाफ ज्वालाग्राही असते आणि मोटरच्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या उडतात. त्यासाठी वेगळी डबी करावी.

आणखी एक खुलासा. शिलाई मशीनवरची किंवा यंत्रमागावरची रुई उडवायला ही पेटी घेऊ नये. एवढ्या यंत्राची हवा त्याला पुरत नाही. त्यासाठी टाकीचा कॉम्प्रेसरच हवा. विकणाऱ्यानेही हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. मालाची उणीव लपवून केलेल्या विक्रीत बरकत नसते.

अवजार ही रोजीची अमानत आहे. ते नीट सांभाळले, तर इन्शाअल्लाह तेही आपले घर सांभाळील.